वर्किंग मेमरीचे व्यायाम केल्याने मुलाची बुद्धी वाढते का?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न असा आहे. मुलगा पाचवीत, इंग्रजी माध्यमात. गणितात पायऱ्या गाळतो, टीचरनी एकदम तीन गोष्टी सांगितल्या की तिसरी हमखास विसरतो. मानसशास्त्रीय चाचणी केली, तर बुद्ध्यांक सरासरी, पण वर्किंग मेमरीचा गुणांक ८२. आता एका केंद्राने संगणकावरचा तीन महिन्यांचा मेमरी ट्रेनिंगचा कार्यक्रम सुचवला आहे. त्यांचं म्हणणं, वर्किंग मेमरी वाढली की गणित, वाचन, एकाग्रता आणि बुद्ध्यांक आपोआप वर येतात. या आठवड्यात पैसे भरले तर सवलत आहे. भरावेत का? आणि नाही भरले, तर मुलासाठी करायचं काय?

मी ठाण्यात बरीच वर्षं मुलांच्या अशा चाचण्या घेते आणि अहवाल लिहिते, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून. या आश्वासनावर विसंबून पैसे भरू नका. तीन महिन्यांत तुमचा मुलगा त्या खेळांत तरबेज होईल. त्या खेळांसारखी दुसरी चाचणी दिली तर तिथेही त्याचे गुण थोडे वाढतील. पण तो फायदा गणितापर्यंत, वाचनापर्यंत, एकूण बुद्धीपर्यंत पोचतो, असं नीट आखलेल्या बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. अपवाद आहेत, त्यांच्याबद्दलही सांगते.

वर्किंग मेमरी म्हणजे माहिती काही सेकंद मनात धरून ठेवणं आणि त्याच वेळी तिच्यावर काम करणं. मुलाला ठाणे-वाशी लोकलची स्टेशनं विचारून बघा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. त्या गाडीने नेहमी जाणारं मूल ती धडाधड म्हणेल, कारण ती दीर्घकालीन स्मृतीत एकामागोमाग बसलेली आहेत. आता तीच वाशीपासून उलटी, एकआड एक म्हणायला सांगा. लगेच अडखळणं सुरू होतं. कुठपर्यंत आलो ते धरायचं, मधलं गाळायचं, पुढचं शोधायचं, हे सगळं एकाच वेळी. हे काम वर्किंग मेमरीचं. हीच नऊ नावं नागपूरहून पहिल्यांदाच आलेल्या त्याच्या मामेभावाला एकदा ऐकवून सरळ म्हणायला सांगा, तो चौथ्या-पाचव्या नावाला थांबेल. दोघांची वर्किंग मेमरी अगदी सारखी असू शकते. फरक पडतो तो आधीपासून माहीत असण्याचा.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली या क्षमतेचा जो आराखडा मांडला, तो आजही आमच्या कामाचा पाया आहे. शब्द-आवाज धरून ठेवणारा एक भाग, चित्रं-जागा धरून ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा तिसरा. किती गोष्टी एका वेळी मावतात, यावर नेल्सन कोवन यांनी २००१ साली केलेली मांडणी साधारण चारच्या आसपास येते. पाठांतराच्या किंवा गट पाडण्याच्या युक्त्या काढून टाकल्या, की मोठ्या माणसांचीही झेप तेवढीच.

केंद्रवाल्यांची कल्पना मुळात वेडगळ नाही, हेही सांगायला हवं. ज्यांची वर्किंग मेमरी चांगली, ते नवे प्रश्न सोडवण्यात, वाचून समजून घेण्यात सहसा पुढे असतात. हा संबंध चांगला घट्ट आहे आणि पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे. मग एक वाढवलं तर दुसरंही वाढेल, असं संशोधकांना वाटलं यात काही गैर नव्हतं. पण दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढ्यावरून एकीला ढकललं की दुसरी हलेल असं ठरत नाही. आणि त्याआधीचा प्रश्न असा, की सरावाने जी वाढते ती खरंच वर्किंग मेमरी असते का?

याचं सगळ्यात बोलकं उत्तर १९८० सालचं आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी स्टीव्ह फलून नावाच्या एका विद्यार्थ्याला दर सेकंदाला एक अशा गतीने अंक ऐकवायचे आणि त्याने ते क्रमाने परत म्हणायचे, एवढाच सराव करून घेतला. सुरुवातीला तो आपल्या सगळ्यांसारखा, सात अंकांपर्यंत जायचा. सुमारे वीस महिन्यांत, २३० तासांहून अधिक सरावानंतर, तो ७९ अंक म्हणून दाखवू लागला. एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल की याची स्मरणशक्ती दहापट झाली. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. तो सहा अक्षरांवर येऊन थांबला.

झालं असं होतं, की तो मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ ऐकलं की तो मनात ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या विश्वविक्रमाच्या जवळची वेळ’ असं नोंदवायचा. चार अंकांची एकच गोष्ट व्हायची. धावण्याच्या वेळांचं त्याच्याकडे असलेलं ज्ञान कामाला आलं होतं, धरून ठेवण्याची मूळ जागा होती तेवढीच राहिली होती. मला तर वाटतं, मेमरी ट्रेनिंगची जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येक पालकाला हा एक प्रयोग माहीत असायला हवा. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी तर १९०१ सालीच लिहून ठेवलं होतं, की एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला तेवढाच उपयोगी पडतो, जेवढं त्या दोन कामांत सारखं असतं.

तरी गेल्या पंचवीस वर्षांत ही आशा पुन्हा उभी राहिली, आणि तिला कारण होतं. स्वीडनच्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ साली एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मोजक्या मुलांवर संगणकाचा सराव करून पाहिला आणि २००५ साली ५३ मुलांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. पालकांनी सांगितलं, मुलं शांत झाली, लक्ष देऊ लागली. त्याच २००५ च्या प्रयोगात शिक्षकांच्या नोंदींत मात्र तसा ठळक फरक नव्हता. पुढे २०१३ साली एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीवरच्या बिनऔषधी उपायांचे प्रयोग एकत्र तपासले. कोणत्या मुलाला ट्रेनिंग मिळालंय हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशांच्याच नोंदी धरल्या, तर अशा सरावाचा परिणाम उरला नाही. यात पालक खोटं बोलतात असं मुळीच नाही. रोज संध्याकाळी आपण मुलाशेजारी बसतो, त्याचं कौतुक करतो, बरं वाटण्याची वाट बघतो. त्या नजरेला सुधारणा दिसते, आणि घरातलं वातावरण खरंच सुधारलेलंही असू शकतं.

सगळ्यात जास्त गाजला तो २००८ सालचा प्रयोग. सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी प्रौढ विद्यार्थ्यांना ड्युअल एन-बॅक नावाचा खेळ दिला. पडद्यावर चौकोन जागा बदलतो, कानात अक्षरं ऐकू येतात, आणि दोन, तीन, चार पावलांपूर्वी हेच होतं का, हे दोन्हींसाठी एकदम सांगायचं. रोज साधारण २५ मिनिटं, कुणी ८ दिवस तर कुणी १९ दिवस. जितके जास्त दिवस, तितके तर्काच्या चाचणीत गुण जास्त, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर बातम्या झाल्या. पण तुलनेसाठी घेतलेल्या गटाने काहीच केलं नव्हतं. सगळ्या गटांना एकच चाचणी नव्हती, आणि ज्या चाचणीत फायदा दिसला तिला फक्त १० मिनिटं दिली होती. २०१३ साली थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ २० सत्रं घेऊन पाहिला, या वेळी तुलनेच्या एका गटालाही तितक्याच मेहनतीचं दुसरं काम दिलं, आणि बुद्धीच्या अनेक चाचण्या लावल्या. खेळातले गुण भरपूर वाढले. बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही.

तुलनेच्या गटाला काहीतरी काम देण्यावर मी एवढा भर का देते, हे २०१६ सालच्या एका छोट्या प्रयोगावरून कळेल. सायरस फरूघी आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठात दोन वेगळी पत्रकं लावली. एकावर ‘मेंदूचं प्रशिक्षण, बुद्धी वाढवा’ अशा अर्थाचा मजकूर, दुसऱ्यावर नुसतं ‘अभ्यासात सहभागी व्हा’. दोन्ही गटांना तोच खेळ, तोच एक तास. पहिल्या पत्रकावरून आलेल्यांचे गुण बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीवर ५ ते १० ने वाढले, दुसऱ्यांचे वाढले नाहीत. एका तासात कुणाची बुद्धी वाढत नाही. अपेक्षेने माणूस चाचणीला जास्त जोर लावतो. तुमच्या मुलाला तीन महिने ‘तुझी मेमरी वाढतेय’ असं सांगून मग चाचणी घेतली, तर गुण वाढतीलच, आणि त्यातून आपल्याला काही कळणार नाही.

तुमच्या मुलाच्या परिस्थितीला अगदी लागू पडणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. मेलबर्नमध्ये गेहान रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ४४ शाळांतल्या पहिलीच्या सुमारे १७०० मुलांची चाचणी घेतली आणि ज्यांची वर्किंग मेमरी कमी आढळली अशा ४५२ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला शाळेच्या वेळात २० ते २५ सत्रांचं संगणकावरचं ट्रेनिंग, दुसऱ्याला नेहमीचा वर्ग. नंतर दोन वर्षं पाठपुरावा केला. स्मृतीच्या काही चाचण्यांत तात्पुरती सुधारणा दिसली. वाचन आणि शुद्धलेखनात फायदा झाला नाही. आणि दोन वर्षांनी ट्रेनिंग घेतलेल्या मुलांचं गणित दुसऱ्या गटापेक्षा थोडं मागे होतं. ती मुलं सत्रांसाठी वर्गातून बाहेर गेली, तो शिकवण्याचा वेळ बुडाला, हे कारण मला सगळ्यात पटण्याजोगं वाटतं. २०१६ सालचा हा अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते, कारण ‘फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मुलाचे तास मोजकेच असतात, ते कुठूनतरी कमी होतात.

त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लेरवॉग, रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी ८७ प्रकाशित अभ्यास एकत्र करून पाहिले. सराव केलेल्या कामाच्या जवळच्या कामांत फायदा, आणि तुलनेच्या गटाला दुसरं काम दिलेलं असेल तिथे बुद्धी, वाचन, गणित यांत विश्वास ठेवावा असा फायदा नाही.

आता दुसरी बाजू. जॅकी आउ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एन-बॅकचे २० अभ्यास एकत्र केले आणि त्यांना बुद्धीच्या चाचण्यांत लहानसा फायदा आढळला. तो खरा की तुलनेच्या गटातल्या त्रुटींमुळे, यावर वाद झाला आणि अजून मतभेद आहेत. मला जास्त विचार करायला लावतात ते मुलांवरचे दोन मोठे अभ्यास. जर्मनीत एव्हा बर्गर आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सगळ्या मुलांना पाच आठवडे असा सराव दिला. लगेच फारसं काही दिसलं नाही, पण पुढच्या काळात भूमिती, वाचन आणि तर्काच्या चाचणीत ती मुलं पुढे होती. निकोलस जड आणि क्लिंगबर्ग यांनी २०२१ साली सतरा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला. त्यात जागा-आकार लक्षात ठेवण्याचा सराव जास्त मिळालेली मुलं गणित जास्त शिकली. तिथे सराव गणिताच्या कामासोबतच चालू होता. हे निष्कर्ष मी बाजूला सारत नाही. सहा-सात वर्षांच्या वयात, शिकवण्याच्या सोबतीने, असा सराव काही करत असेलही. पण शाळा सुटल्यावर पाचवीच्या मुलाला खुर्चीत बसवून, गणित-वाचनापासून तोडून दिलेला सराव त्याचा बुद्ध्यांक वाढवेल, याला या अभ्यासांतूनही आधार मिळत नाही.

यानंतर हटकून विचारलं जातं ते ॲबॅकसबद्दल, कारण वर्तकनगरपासून खारघरपर्यंत असे क्लास आहेत. त्याचा चांगला अभ्यास आपल्या शेजारी, वडोदऱ्यात झाला आहे. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी एका शाळेतल्या २०४ मुलांना तीन वर्षं पाहिलं. अर्ध्यांना ॲबॅकस, अर्ध्यांना तेवढाच वेळ जादा नेहमीचं गणित. ॲबॅकसवाल्या मुलांची आकडेमोड जास्त सुधारली. वर्किंग मेमरी किंवा एकूण बुद्धी वाढली नाही. म्हणजे आकडेमोड हवी म्हणून ॲबॅकसला घातलं तर ठीक, मुलाला आवडत असेल तर छानच. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, ती निव्वळ फसवणूक आहे.

केंद्राने तुम्हाला आधी आणि नंतरचा आलेख दाखवला असेल. तो कोणत्या कामाचा आहे ते विचारा. सराव केला त्याच खेळाचा असेल, तर त्याचा अर्थ सराव झाला एवढाच. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचे दहा संच सोडवलेल्या मुलाचे अकराव्या संचात गुण वाढतात, त्याला आपण बुद्धी वाढली म्हणत नाही, तसंच हे. अमेरिकेत २०१६ च्या जानेवारीत लुमोसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला, शाळेत-कामावर फायदा होईल अशा पुराव्याविना केलेल्या दाव्यांसाठी, तिथल्या ग्राहक हिताच्या आयोगासोबतच्या तडजोडीत २० लाख डॉलर मोजावे लागले.

आता तुमच्या मुलाकडे वळू. ८२ हा आकडा ऐकून तुम्ही घाबरला आहात, ते तुमच्या प्रश्नातून कळतं. सरासरी १०० असते, आणि १०० मुलांत साधारण १२ मुलांचा गुणांक ८२ च्या खाली असतो. शिवाय एका दिवसाच्या एका मोजणीत चूक असतेच, म्हणून खरा गुणांक कुठून कुठपर्यंत असू शकतो हे दाखवणारा एक पट्टा अहवालात त्या गुणांकाशेजारी छापलेला असतो. तो वाचा. या गुणांकाचं वरचं टोक नव्वदीच्या आसपास जातं. हा भाग मोजायला अंक आणि बऱ्याचदा अक्षरं ऐकवतात. त्या दिवशी मुलगा थकलेला, घाबरलेला किंवा सर्दीने कान दडलेला असेल, तर सगळ्यात आधी हाच गुणांक पडतो.

म्हणून पहिलं काम कानांचं. मधल्या कानात पाणी साचलेली मुलं ‘ऐकत नाही, विसरतो’ म्हणून माझ्याकडे येतात. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. डोळेही तपासा. मग झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे सकाळची स्कूल बस लवकर, संध्याकाळी ट्युशन, रात्री जेवण उशिरा, या रगाड्यात किती मुलं आठ तासही झोपत नाहीत. अपुऱ्या झोपेचा फटका आधी लक्षाला आणि वर्किंग मेमरीलाच बसतो.

दुसरं, भाषा. घरी मराठी, शाळा इंग्रजी. सूचना समजून घ्यायलाच मेहनत पडत असेल, तर ती धरून ठेवायला जागा उरत नाही. घरी करून बघा: तीन पायऱ्यांची एक सूचना मराठीत द्या, दुसऱ्या दिवशी तितकीच लांब, तितकीच अवघड सूचना इंग्रजीत. चार-पाच वेळा आलटून पालटून. मराठीत तिन्ही जमत असतील आणि इंग्रजीत तिसरी गळत असेल, तर आपला प्रश्न बऱ्याच अंशी इंग्रजीचा आहे, आणि त्यावर उपाय इंग्रजी ऐकणं-वाचणं-बोलणं हाच. दोन्हीकडे सारखीच गळत असेल, तर लक्ष आणि वाचन-लेखन यांचं सविस्तर मूल्यांकन करून घ्या. एडीएचडी किंवा अध्ययन अक्षमता असेल तर तिचे उपाय वेगळे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्याची शाळेला कल्पना द्या.

तिसरं, गणित. तो ४७ गुणिले ८ करताना सात आठे छप्पन्न हे उत्तर तयार नसेल, तर सात-सात मिळवत बसतो, आणि तेवढ्यात हातचा निसटतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मेमरी वीक. पाढा पाठ झाला की तोच मुलगा हातचा धरून ठेवतो, कारण आता धरायला तेवढंच आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी पाठ असे. साताची दीडपट साडेदहा, हे त्यांना मोजावं लागत नसे. त्यांच्या मनातली जागा आपल्यापेक्षा मोठी नव्हती. रोज दहा मिनिटं पाढे, तेही सरळ म्हणून नव्हे, मधूनच विचारून: नव सत्ते? आठ साते? अडलं की सांगून टाकायचं, रागवायचं नाही, आणि थोड्या वेळाने तेच परत विचारायचं. मोठ्या उदाहरणांत प्रत्येक पायरी कागदावर उतरवायला लावा. मनातल्या मनात कर, असा आग्रह या मुलांना कुणी धरू नये.

वाचनाचंही तसंच. अक्षर जुळवत वाचणारं मूल ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. रोज पंधरा मिनिटं तुमच्यासोबत मोठ्याने वाचन, तोच परिच्छेद अस्खलित होईपर्यंत पुन्हा, मग पुढचा. ट्रेनिंगसाठी बाजूला काढलेल्या पैशात चांगल्या स्पेशल एज्युकेटरची (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाची) आठवड्यातून दोन सत्रं बसतात का ते विचारा. बुद्धीच्या चाचण्यांतले गुण ज्याने वाढतात असं भक्कमपणे दिसलंय, ते शालेय शिक्षणच आहे. स्टुअर्ट रिची आणि एलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे १ ते ५ गुणांची वाढ दिसली.

सवलतीची मुदत निघून जाऊ द्या. या आठवड्यात ऑडिओमेट्रीची वेळ घ्या आणि क्लास टीचरना भेटा. जाताना गणिताची वही न्या, जिथे पायरी गळली आहे ती पानं उघडून दाखवा, आणि तीन गोष्टी मागा: सूचना एका वेळी एक किंवा दोन, लांब सूचना फळ्यावर लिहून, आणि मुलाने ‘काय करायचंय’ ते काम सुरू करण्याआधी आपल्या शब्दांत सांगणं. तीन महिन्यांनी पुन्हा भेटाल तेव्हा अहवाल आणू नका. आताची वही आणि तेव्हाची वही, दोन्ही आणा.